एकट्याने राहताना सर्दी झाली तर : ठाणे-नवी मुंबईत नव्याने आलेल्यांसाठी

घणसोलीत, कोपरखैरण्यात किंवा घोडबंदर रोडला पीजीत, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला पहिली सर्दी झाली की दोन गोष्टी होतात. घरून फोनवर दहा उपाय येतात आणि नाक्यावरचा केमिस्ट पाच गोळ्यांची पुडी बांधून देतो. दोन्ही एकदम सुरू केलं की कशाने बरं वाटलं आणि कशाने पोट बिघडलं, काहीच कळत नाही.

सर्दी विषाणूंमुळे होते. असे विषाणू दोनशेच्या वर आहेत आणि त्यांत ऱ्हायनोव्हायरस सर्वांत जास्त आढळतात. कुठलाही काढा, वाफ किंवा लेप विषाणूला मारत नाही आणि सर्दीचे दिवसही फारसे कमी करत नाही. घरगुती उपाय हे चोंदलेलं नाक, खवखवणारा घसा, रात्रीचा खोकला असा एकेक त्रास सुसह्य करण्यासाठी असतात. म्हणून उपाय त्रास बघून निवडा, सगळे एकत्र करू नका.

१. आधी ठरवा : ही सर्दीच आहे का?

साध्या सर्दीचा क्रम बहुतेक वेळा ठरलेला असतो. पहिल्या दिवशी घसा खवखवतो आणि शिंका येतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाक वाहतं, मग चोंदतं, आणि त्रास सर्वांत जास्त याच वेळी असतो. चौथ्या-पाचव्या दिवसापासून शेंबूड घट्ट, पिवळट-हिरवट होतो. सात ते दहा दिवसांत बहुतेक सगळं ओसरतं, खोकला मात्र कधी कधी दोन-तीन आठवडे रेंगाळतो. हिरवा रंग दिसला म्हणजे अँटिबायोटिक लागणारच, असं नाही. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो.

जून ते ऑक्टोबर या काळात इथे जास्त सावध राहावं लागतं. पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा ताप) तिन्ही असतात आणि तिघांची सुरुवात ताप-अंगदुखीने होते. खूण साधी आहे : सर्दीत नाक आणि घसा पुढे असतात, ताप असला तर थोडा असतो. नाक कोरडं, पण ताप एकदम १०२-१०३, डोळ्यांच्या मागे दुखणं, हाडं मोडल्यासारखी अंगदुखी किंवा हुडहुडी भरून थंडी वाजणं असेल, तर काढे करत बसू नका, रक्त तपासून घ्या. तुंबलेल्या पाण्यातून चालत गेला असाल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा, कारण लेप्टोचा विचार त्यावरूनच होतो. अशा तापात आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नका. डेंग्यू निघाला तर त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. तपासणी होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल.

दुसरा गोंधळ अ‍ॅलर्जीचा. बांधकामाची धूळ, एमआयडीसीच्या बाजूची हवा, पावसाळ्यात भिंतीला धरलेली बुरशी, वर्षभर न धुतलेली एसीची जाळी. यांनी नाक वाहतं तेव्हा शिंका ओळीने येतात, नाक-डोळ्यांना खाज सुटते, पाणी पातळच राहतं, ताप येत नाही आणि दहा दिवस उलटले तरी चित्र बदलत नाही. तिथे आल्याचा चहा कामाचा नाही. एसीची जाळी धुवा, बुरशी पुसा, गादीवरची चादर गरम पाण्यात धुवा.

२. सामान : आजारी पडायच्या आधीच आणून ठेवा

तिसऱ्या दिवशी अंगात ताकद नसताना बाजारात जाववत नाही. आलं आणि गवती चहाची जुडी कुठल्याही भाजीवाल्याकडे मिळते. सुकं सामान ठाण्यात जांभळी नाक्याला, नवी मुंबईत जवळच्या किराणा दुकानात. वाशीच्या मसाला मार्केटला पाव किलो ओव्यासाठी जायची गरज नाही.

- थर्मामीटर, डिजिटल
- इलेक्ट्रिक किटली (बऱ्याच पीजीत गॅस किंवा शेगडी चालत नाही, किटली चालते का ते आधी विचारा)
- मीठ, खायचा सोडा, मध, हळद, मिरी, ओवा, आलं
- पॅरासिटामॉलची एक पट्टी
- नाकाचा सलाइन स्प्रे किंवा थेंब, फक्त मीठ-पाण्याचे, औषध नसलेले
- ५ मिलिलीटरचा मापाचा चमचा

शेवटची वस्तू क्षुल्लक वाटते, पण घरातले चमचे तीनपासून दहा मिलिलीटरपर्यंत काहीही असतात. पुढे जिथे 'चमचा' म्हटलं आहे तिथे हा ५ मिलिलीटरचा, सपाट भरलेला चमचा समजा.

३. चोंदलेलं नाक : मिठाचं पाणी

नाक चोंदतं ते फक्त शेंबडाने नाही. नाकाच्या आतल्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि वाटच अरुंद होते. म्हणून कितीही जोरात शिंकरलं तरी नाक मोकळं होत नाही. उलट दाब कानाकडे जातो आणि कान दुखायला लागतो. शिंकरायचं तर एक नाकपुडी दाबून, हलकेच.

मिठाच्या पाण्याने घट्ट शेंबूड सैल होतो आणि वाहून जातो. सगळ्या घरगुती उपायांत हा सर्वांत उपयोगी, आणि चुकीचा केला तर सर्वांत त्रासदायकही हाच.

पाणी : नळाचं पाणी थेट नाकात कधीच नाही. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी पालिकेकडून शुद्ध होऊन येतं, ते पिण्यासाठी. पिताना काही जंतू आत गेले तर पोटातलं आम्ल त्यांना निपटतं, नाकात तसं काही नाही. नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. हे फार क्वचित होतं, पण होतं तेव्हा बहुतेक वेळा जीवघेणं ठरतं. केरळात अलीकडच्या वर्षांत असे रुग्ण आढळले आहेत. आरओ किंवा फिल्टरचं पाणीही यासाठी पुरेसं नाही. पाणी खळखळ उकळल्यावर किमान एक मिनिट तसंच उकळू द्या, झाकून कोमट होऊ द्या. किटली उकळी आली की लगेच बंद होते, म्हणून दोन-तीनदा पुन्हा लावा. एवढं जमणार नसेल तर केमिस्टकडचा तयार सलाइन स्प्रेच वापरा.

प्रमाण : अर्धा लिटर पाण्याला पाऊण चमचा मीठ, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम, आणि चिमूटभर खायचा सोडा. हे शरीरातल्या क्षारांच्या प्रमाणाजवळ जातं. मीठ कमी पडलं तरी नाकात झोंबतं, जास्त झालं तरी झोंबतं. स्विमिंग पूलचं पाणी नाकात गेल्यावर जी आग होते, ती बरीचशी मीठ नसल्यामुळेच. सोड्याने झोंबणं कमी होतं. आयोडीनच्या मिठाने काहींना जळजळ होते. तसं झालं तर केमिस्टकडे नाक धुण्याची तयार पाकिटं मिळतात, ती घ्या.

कृती : बेसिनवर वाका, डोकं थोडं एका बाजूला, तोंड उघडं, श्वास तोंडाने. सुई नसलेली १० मिलिलीटरची सिरिंज वरच्या नाकपुडीत जेमतेम टेकवा आणि टोक सरळ वर न धरता त्याच बाजूच्या कानाकडे वळवा. हळू दाबा. पाणी दुसऱ्या नाकपुडीतून किंवा घशातून येईल, थुंकून टाका. मध्येच बोललात किंवा गिळलंत तर पाणी कानाकडे जातं. दिवसातून दोनदा पुरे. झोपायच्या तासभर आधी करा, कारण उरलेलं पाणी थोड्या वेळाने नाकातून गळतं. कान दुखत असेल किंवा नाकातून रक्त येत असेल तर करू नका. सिरिंज दर वेळी साबणाने धुवून याच उकळलेल्या पाण्याने खंगाळा आणि वाळवा. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी फेकून द्या.

आता केमिस्टकडच्या नाक मोकळं करणाऱ्या थेंबांबद्दल (झायलोमेटॅझोलिन, ऑक्सिमेटॅझोलिन). हे पाच-दहा मिनिटांत नाक उघडतात आणि म्हणूनच सवय लागते. तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले तर थेंबांचा असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, आणि मग महिनोन्महिने बाटली सुटत नाही. फक्त रात्री झोपण्यापुरते, तीन दिवस, आणि मग बाटली बंद.

४. वाफ

वाफेने बरं वाटतं, तेवढंच. त्याने सर्दी लवकर जाते असं दाखवता आलेलं नाही, पण उबेने नाक-कपाळाला आराम मिळतो आणि झोपायच्या आधी ते पुष्कळ आहे. मात्र भाजण्याचे अपघात यातच होतात, त्यामुळे मांडणी नीट करा.

रुंद बुडाचं पातेलं, अर्धंच भरलेलं, भिंतीला लागून असलेल्या टेबलावर. पलंगावर नाही, मांडीवर तर नाहीच. गॅसवरून उतरवल्यावर दोन मिनिटं थांबा. चेहरा दीड वीत वर, डोळे मिटलेले, पाच ते सात मिनिटं. टॉवेल खांद्यापर्यंतच घ्या, लोंबकळू देऊ नका, त्याच्या टोकानेच पातेलं ओढलं जातं. लहान मुलांना पातेल्यासमोर बसवू नका. न्हाणीघरात गरम पाणी सोडून दार लावा आणि त्या वाफेत मुलाला घेऊन दहा मिनिटं बसा. दम्याच्या माणसाला वाफेने खोकल्याची उबळ येऊ शकते, आली तर थांबा.

पाण्यात ओवा, तुळस किंवा निलगिरीची पानं चालतील. कापराच्या वड्या टाकू नका. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात, आणि जोरकस वाफेने डोळे-नाक जळजळतात. निलगिरी तेलाचा एखादा थेंब वास घ्यायला ठीक, पण ते पोटात घ्यायचं नाही.

परदेशी सल्ल्यांत खोलीत ह्युमिडिफायर लावायला सांगतात. तिकडची हिवाळ्यातली हीटरची हवा सुकी असते. आपल्याकडे जुलैत खोली आधीच दमट असते, मशीन लावलं तर भिंतीला बुरशी तेवढी वाढेल. तुम्ही रात्रभर एसीत झोपत असाल तर मात्र नाक सुकतं. एसी २६ वर ठेवा किंवा पंखा लावा.

५. बाम, पुरचुंडी, लेप

बाममधल्या मेंथॉलने नाक खरोखर उघडत नाही. ते नाकातल्या गारवा जाणवणाऱ्या नसांना चेतवतं, त्यामुळे हवा जास्त येते असं वाटतं. वाटण्यानेही झोप लागते, म्हणून वापरायला हरकत नाही : छातीला, पाठीला, गळ्याला. नाकपुडीच्या आत नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना अजिबात नाही.

ओव्याची पुरचुंडी : दोन चमचे ओवा कोरड्या तव्यावर मंद आचेवर मिनिटभर, घमघमाट सुटेपर्यंत. काळा पडू देऊ नका, करपला की धूर होतो आणि खोकला वाढतो. सुती रुमालात सैल बांधा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, मग हुंगा. दहा-पंधरा मिनिटांनी वास उतरतो, पुन्हा तव्यावर टाका. बाळाच्या खोलीत ओव्याची किंवा लसणाच्या सालींची धुरी देण्याची रीत मात्र सोडायला हवी. त्या धुराने कोवळी श्वासनलिका सुजते.

सुंठ-वेखंडाचा लेप कपाळाला पातळ लावा आणि आग व्हायला लागली की लगेच धुवा. पोटात मुलांना वेखंड देऊ नका.

६. घसा आणि खोकला

गुळण्या : पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार वेळा. मान मागे टाकून पंधरा-वीस सेकंद, असं पेला संपेपर्यंत. पाणी फार गरम घेतलं तर सुजलेला घसा आणखी सोलवटतो. सहा वर्षांखालच्या मुलांना गुळणी जमत नाही, ती ते पाणी गिळतात.

मध : रात्रीच्या कोरड्या खोकल्यावर घरात यापेक्षा चांगलं काही नाही. मोठ्यांना झोपताना दोन चमचे, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना एक चमचा, एक ते पाच वर्षांच्या मुलांना अर्धा चमचा. एक वर्षाखालच्या बाळाला मधाचं बोटसुद्धा नाही. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ते वाढतात. घरातली वडील माणसं चाटवायला निघाली तर हे त्यांना शांतपणे पण ठामपणे सांगा. मधुमेह असेल तर मधाची साखर हिशेबात धरा.

काढा, दोन कपांसाठी : तीन कप पाणी, इंचभर आलं ठेचून, चार-पाच मिरे भरडून, गवती चहाची दोन-तीन पाती. झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं. गॅस बंद केल्यावर पाच-सहा तुळशीची पानं टाका. आधीपासून उकळली तर वास उडून जातो. गूळ शेवटी. दिवसाला दोन कप, आणि उपाशीपोटी नको. नेहमीची चूक म्हणजे तिखट तेवढं गुणकारी समजून मिरी, लवंग, दालचिनी, सुंठ सगळं मूठमूठ टाकणं. मग सर्दी तिथेच आणि वर पित्त. रक्तदाब असलेल्यांनी ज्येष्ठमध टाळावा, त्याने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं.

किटलीवर भागवायचं असेल तर किसलेल्या आल्यावर उकळतं पाणी ओता, दहा मिनिटं झाका, गाळा आणि लिंबू पिळा. किटलीतच आलं-दूध घालू नका, तळ करपतो.

हळदीच्या दुधात कपाला पाव चमचा हळद पुरते. ती दुधाबरोबर तीन-चार मिनिटं उकळू द्या, वरून टाकली तर कच्ची लागते आणि घशात बसते.

७. जेवण

भूक नसेल तर जबरदस्ती नको, पण पातळ काहीतरी सतत पोटात जायला हवं. किती लिटर ते मोजू नका, लघवी फिकट पिवळी राहिली की पाणी पुरेसं आहे.

कुळथाचं पिठलं यासाठीच आहे. दोन मोठे चमचे पीठ दीड कप गार पाण्यात आधी कालवून घ्या, गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात. तेलात मोहरी, पाच लसूण पाकळ्या आणि मिरची परता, कालवलेलं पीठ ओता, दोन आमसुलं टाका आणि दाट होईपर्यंत ढवळा. मऊ भात, तूप, हे पिठलं. भातावर मेतकूट घातलं तरी चालतं. चिकन सूप, मुगाचं कढण, टोमॅटोचं सार, काहीही गरम आणि पातळ चालेल. स्वयंपाकाची सोय नसेल तर डबेवाल्या ताईंना किंवा जवळच्या पोळी-भाजी केंद्रात दोन दिवस साधा वरणभात सांगून ठेवा.

केळं आणि दह्याने सर्दी होत नाही. दुधाने कफ वाढत नाही, तोंडात दाट वाटतो एवढंच. आवडत असेल तर खा.

८. केमिस्टच्या पुडीतली फसगत

सर्दीच्या बहुतेक तयार गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं. वरून तापाची वेगळी गोळी घेतली की डोस दुप्पट होतो. पट्टीच्या मागचं वाचा. मोठ्या माणसाने ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, आणि सगळ्या गोळ्या धरून दिवसभरात तीन ग्रॅमच्या आत राहावं. यकृताचा त्रास किंवा रोजचं मद्यपान असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

त्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं, त्याने पेंग येते. ती घेऊन घोडबंदर रोडला किंवा ठाणे-बेलापूर रोडला बाइक चालवू नका. फेनिलएफ्रिन हा तिसरा घटक तोंडाने घेतल्यावर नाक मोकळं करत नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये सांगितलं.

चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या घेऊ नका. त्या विषाणूवर चालत नाहीत.

लहान मुलांच्या बाबतीत हे आणखी कडक पाळा. क्लोरफेनिरामिन-फेनिलएफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखाली द्यायचं नाही, असा इशारा छापण्याचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात दूषित कफ सिरपने मुलं दगावली. मनाने बाटली आणायचीच नाही. सलाइनचे थेंब, वयात बसत असेल तर मध, आणि वजनानुसार डॉक्टरांनी सांगितलेलं पॅरासिटामॉल, एवढंच.

९. लोकल आणि ऑफिस

पहिले दोन-तीन दिवस तुमच्याकडून सर्दी सर्वांत जास्त पसरते. शक्य असेल तर घरून काम मागा. सकाळच्या ट्रान्स-हार्बरच्या (ठाणे-नवी मुंबई लोकलच्या) गर्दीत जावंच लागलं तर मास्क घाला. कापडी रुमाल रोज धुवा. हात साबणाने वीस सेकंद. खोलीत जोडीदार असेल तर पेला आणि टॉवेल वेगळे.

१०. डॉक्टरांकडे कधी, कुठे, काय घेऊन

त्याच दिवशी जा : श्वास घ्यायला त्रास, छातीत दुखणं, ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, बाळ दूध ओढत नसणं किंवा त्याच्या बरगड्या आत ओढल्या जाणं. रुग्णवाहिकेसाठी १०८.

एक-दोन दिवसांत जा : ताप १००.४ च्या वर तीन दिवस टिकला, बरं वाटून पुन्हा ताप चढला, कान किंवा एका बाजूचा गाल दुखतोय, दहा दिवसांनंतरही उतार नाही. गरोदर स्त्रिया, ६५ च्या पुढचे, मधुमेह किंवा दमा असलेले यांनी ताप-खोकला एकदम आला तर थांबूच नये. फ्लू असला तर त्याचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलेलं जास्त उपयोगी पडतं.

खाजगी डॉक्टर माहीत नसतील तर ठाणे महापालिकेचं कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. नवी मुंबई महापालिकेची रुग्णालयं वाशी, नेरूळ आणि ऐरोलीला आहेत. साध्या तपासणीसाठी जवळचं नागरी आरोग्य केंद्र किंवा आपला दवाखाना बघा. ओपीडी सकाळची धरा, केस पेपर काढायला रांग असते.

बरोबर ठेवा : आधार कार्ड, चालू औषधांच्या पट्ट्या (नावं आठवत नाहीत, म्हणून पट्ट्याच), जुने रिपोर्ट आणि तापाची नोंद. ही नोंद मोबाइलवर तारीख, वेळ, आकडा आणि गोळी कधी घेतली, अशी चार रकान्यांत लिहा. पावसाळ्यात रक्ताची कुठली तपासणी करायची हे ताप कितव्या दिवशी आहे त्यावर ठरतं.

खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर तो सर्दीचाच उरलेला खोकला असेल कदाचित, तरी बेडका तपासून घ्या. क्षयरोगाची ही तपासणी सरकारी आणि पालिकेच्या केंद्रांत मोफत होते.